पेशंटचा मामा

वाटण्या झाल्या तेव्हा धाकट्या दीपेशला हायवेकडची शेतं मिळाली, कारण त्याने ती मागितली होती. थोरल्या केसरीनाथला भिवंडीच्या कामतघरातलं राहतं घर, एक जुनी जीप आणि परोपकार मिळाला, कारण त्याने काहीच मागितलं नव्हतं. वडिलांनी न्यायाने केलं असं सगळे म्हणाले. दीपेश जरा जास्तच जोरात म्हणाला.

हा परोपकार घरात शिरला तो आजोबांच्या बैलगाडीतून. आजोबा लडकू एकदा पेंढा विकायला निजामपुऱ्यात गेले होते. गल्लीत एका कारीगराच्या डोळ्यावर कापड विणायच्या लूमचा धोटा उडून बसला होता आणि लोक त्याच्याभोवती उभे राहून हळहळत होते. हळहळून रक्त थांबत नाही हे लडकूला कळलं. त्याने पेंढा रस्त्यावर टाकला आणि माणूस गाडीत घातला. डॉक्टरांनी विचारलं, "कोण लागतो तुझा?" लडकू म्हणाला, "भाचा हाय." भाच्याला एक अक्षर मराठी येत नव्हतं आणि मामाला उर्दू. डॉक्टरांनी दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं आणि लिहून घेतलं. त्यांनाही कोणीतरी हवंच होतं.

डोळा गेला, माणूस वाचला, आणि कामतघरात एक मामा राहतो ही बातमी त्याने लूमच्या गल्लीगल्लीत पोचवली. मग कुणाचं बोट पट्ट्यात जायचं, कुणाला कावीळ व्हायची, आणि सगळे या दाराशी आणले जायचे. आजी काशी दवाखान्यात तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट पाठवायची. भाचे निघाले शाकाहारी, तेव्हा तिने वेगळी डाळ शिजवायला घेतली. "मेल्यांना मामा कुठलाबी चालतो, सुकट चालत न्हाय," असं म्हणत तिने जन्मभर ती डाळ शिजवली.

लडकूनंतर गादीवर त्याचा मुलगा, म्हणजे केसरीनाथ-दीपेशचे वडील भाऊ आले. गादी म्हणजे सरकारी दवाखान्यातला लाकडी बाक. भाऊंनी बैलगाडी काढून जीप आणली, बाकी प्रगती काही नाही. दीपेशचा जन्म त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर झाला तेव्हा भाऊ खालच्या मजल्यावर कुणा परक्याच्या तोंडात चमच्याने पाणी घालत होते. मुलगा झाल्याचं त्यांना नर्सने सांगितलं, तेही बोलता बोलता.

आणि मग केसरीनाथ. त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं, म्हणजे अर्धं शटर खाली ओढलेली एक खोली होती. बाकावर बसायचा त्याला मनापासून कंटाळा होता आणि तो कंटाळा तो लपवत नसे. पेशंटला म्हणायचा, "देख, मी वडापाव खाऊन येतो. तोवर मरू नको, परत चौकशीत मलाच उभं करतील." पेशंट मरत नसत. दयाळू चेहऱ्याच्या माणसांना पाहून त्यांना भीती वाटायची. हा तोंड वाकडं करून बसलेला माणूस पाहिला की आपलं दुखणं किरकोळ असावं असा त्यांना भरवसा यायचा.

एक मात्र त्याने ठरवलं होतं. हा रोग आपल्यापाशी संपला पाहिजे. एकुलती एक लेक मृणाली बी.कॉम. झाली, एका कुरिअर कंपनीच्या गोदामात ऑफिसला लागली, तेव्हा त्याने तिला बजावलं, "दारात कुणी आलं तर पप्पा घरात न्हाय म्हणायचं. आणि पप्पा खरंच घरात नसले तर दार उघडायचंच न्हाय."

तिकडे दीपेशच्या शेतांवर गोदामं उभी राहिली. भात पिकवताना त्याला कुणी ओळखत नव्हतं, पत्र्याची शेड घातल्यावर तो समाजसेवक झाला. चौकात त्याचा बॅनर लागला: 'सेवेचा वारसा, तीन पिढ्यांचा.' वर लडकू आणि भाऊ पासपोर्टएवढे, खाली हात जोडलेला दीपेश दरवाज्याएवढा. केसरीनाथ नव्हता.

"दादा, तुझा चांगला फोटोच मिळाला नाही," दीपेशने सांगितलं.

हे खरं होतं. केसरीनाथचा एकच फोटो होता, आधारकार्डावरचा, आणि तो चौकात लावला असता तर लोकांनी पोलिसांना कळवलं असतं.

गेल्या उन्हाळ्यात, शहरभरची मोडकी हाडं वाहून झाल्यावर, केसरीनाथ स्वतःच्या मोरीत घसरला. पायाला प्लास्टर आलं. तो खाटेवर पडून छताकडे बघत आयुष्यात पहिल्यांदा सुट्टी भोगत होता, तर रविवारी दुपारी एक रिक्षावाला दारात आला. हायवेकडच्या एका गोदामात कापडाच्या गाठींची रास कोसळली होती. रामसजीवन नावाचा हमाल खाली सापडला, मांडीचं हाड मोडलं. सोबतचे त्याला दवाखान्यात टाकून परत ड्युटीवर गेले होते. "मामा को बुला रहा है," रिक्षावाला म्हणाला.

केसरीनाथने कोपरावर जोर देऊन उठायचा प्रयत्न केला.

"उठा," बायको विनिता स्वयंपाकघरातून म्हणाली. "दुसरा पण मोडून घ्या. जोडी होईल."

मृणाली घरात होती. तिने चपला पायात सरकवल्या. "मी जाते."

"तू न्हाय जायचं."

"मग कोण जाईल, पप्पा?"

केसरीनाथने विचार केला. निम्म्या भिवंडीचा तो मामा होता आणि एक नाव आठवेना. तोवर मृणालीला घेऊन रिक्षा वळलीसुद्धा.

दवाखान्यात डॉक्टरांनी तिला नेहमीचा प्रश्न विचारला. ऑपरेशन करायचं आहे, पेशंटचं कोण आहे? घराण्याच्या रिवाजाप्रमाणे तिने बहीण व्हायला हवं होतं.

"मी कोणी नाही," मृणाली म्हणाली. "थांबा, विचारते."

तिने रामसजीवनला विचारलं, घर पे कौन है. गोरखपूरकडे मोठा भाऊ होता. तिने फोन लावला, दुखण्याने कळवळणाऱ्या माणसाच्या कानाला धरला, आणि भाऊ मिळेल त्या गाडीने निघतो म्हणाला. त्याला पोचायला वेळ लागणार होता. मग तिने दुसरा प्रश्न विचारला, जो त्या बाकावर आजवर कुणी विचारला नव्हता.

"काम किसके यहाँ करते हो?"

"दीपेश सेठ के गोदाम में."

तिने काकाला फोन लावला.

"मृणाली, मी कार्यक्रमात आहे बाळा. दादाला सांग ना."

"पप्पा प्लास्टरमध्ये आहेत."

"मग दुसरं कुणीतरी बघ."

"बघितलं. तुम्हीच आहात. माणूस तुमचा, गाठी तुमच्या, आणि चौकात वारसापण तुमच्याच नावावर आहे. डॉक्टरांनी नाव मागितलं, मी तुमचं दिलं. सही करायला या."

दीपेश आला. पांढरा झब्बा, सोबत दोन कार्यकर्ते आणि फळांची करंडी. एका कार्यकर्त्याने मोबाईल वर धरला, तर मृणालीने दोघांना वॉर्डात गर्दी नको म्हणून खाली पाठवलं. फळंही पाठवली, कारण ऑपरेशनच्या पेशंटला उपाशी ठेवायचं होतं. काकाला मात्र तिने बाकावर बसवलं. थोड्या वेळाने नर्सने त्याच्या हातात लघवीचं भांडं दिलं. दीपेशने ते कुणाकडे तरी द्यावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं. त्याच्या आयुष्यात असा प्रसंग बहुधा पहिलाच होता, की इकडेतिकडे पाहिलं आणि कुणीच नव्हतं.

मृणालीने घरी फोन करून हे सांगितलं तेव्हा केसरीनाथ आधी खाट हलेपर्यंत हसला. मग त्याच्या डोक्यात हिशेब सुरू झाला. आजोबा, वडील आणि तो, तिघांनी मिळून इतकी वर्षं निजामपुऱ्यापासून कामतघरापर्यंतच्या सगळ्या मालकांना घरी निवांत झोपू दिलं होतं. त्यांची जागा आपण अडवून बसलो होतो आणि त्याला पुण्य म्हणत होतो. मालकाला एक फोन करावा, हे तीन पिढ्यांत कुणाला सुचलं नाही. हे कळून त्याला आनंद झाला असं नाही. त्याला लेकीचा राग आला.

"ही काय सेवा न्हाय," तो विनिताला म्हणाला. "ही वसुली हाय."

"मग बरी आहे," विनिता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो प्लास्टरसकट रिक्षात बसून दवाखान्यात गेला. दीपेशने एव्हाना काहीतरी घोटाळा केला असणार अशी त्याची खात्री होती, आणि थोडी आशाही. ऑपरेशन सकाळीच झालं होतं. दीपेशचा झब्बा चुरगळला होता, दाढी वाढली होती, आणि तो रामसजीवनला चमच्याने पाणी पाजत होता. निम्मं पाणी उशीवर जात होतं. केसरीनाथने चमचा हिसकावून घ्यायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

"मानेखाली हात घाल," तो म्हणाला. "माणूस हाय, झाडाची कुंडी न्हाय."

दीपेशने हात घातला. मग खाली बघतच विचारलं, "भाऊ इथेच बसायचे?"

"त्या खिडकीपाशी."

"मी झालो तेव्हा पण?"

"तेव्हा पण."

"मला वाटायचं त्यांना मी नको होतो," दीपेश म्हणाला.

केसरीनाथला यावर टोचणारं काहीतरी सुचलं होतं. ते त्याने पुढच्या वेळेसाठी राखून ठेवलं आणि भावाशेजारी बाकावर बसला.

रामसजीवनचा भाऊ आला, तोवर दीपेश बसला. पाय चालता होईपर्यंत हमालाच्या राहण्याजेवणाची सोय त्याने केली. यावरून तो सुधारला असं कुणी समजू नये. पुढच्याच कार्यक्रमात त्याने ही गोष्ट सांगितली आणि तीत तो फोनशिवाय आपणहून आला, मृणाली नव्हतीच. फक्त त्याच्या गोदामात गाठींची रास आता माणसाच्या खांद्यापेक्षा उंच जात नाही. यात करुणा कमी आणि त्या बाकाची धास्ती जास्त आहे. हमालांना फरक पडत नाही. गाठ करुणेने खाली राहिली काय, धास्तीने राहिली काय.

केसरीनाथचा पाय बरा झाला. दारात लोक येतातच. तो कुरकुरत जीप काढतो, आणि मृणाली मागच्या सीटवर बसून पहिला प्रश्न विचारते, मालक कोण. काही कारखान्यांनी तिचा नंबर सेव्ह करून ठेवला आहे, उचलायचा नाही म्हणून. ती मग दुसऱ्याच्या फोनवरून लावते.

दिवाळीनंतर अकलोलीकडून तिला बघायला पाहुणे आले. मुलाच्या वडिलांचे भिवंडीत लूम होते. मुलाच्या आईने पोहे खाता खाता कौतुकाने विचारलं, "मुलीला काही छंद वगैरे?"

"फोन करते," केसरीनाथ म्हणाला.

मुलाच्या वडिलांचा चमचा तोंडाशी थांबला. त्यांनी मृणालीकडे नीट पाहिलं, मग केसरीनाथकडे. "म्हणजे मामांची मुलगी ती हीच काय?" त्यांनी बशी खाली ठेवली आणि कुणी विचारलं नसताना सांगून टाकलं, की आमच्या लूमच्या पट्ट्यांना जाळ्या बसवायचं काम चालू आहे.

विनिताने कपाळाला हात लावला. मुलगा मात्र हसला, आणि तो हसलेला मृणालीने पाहिला.

पाहुणे गेल्यावर आईने तिला विचारलं, मुलगा कसा वाटला.

"मुलगा बरा आहे," मृणाली म्हणाली. "पण आधी कारखाना बघून येते."