बाबाचं अपेंडिक्स फुटलं आणि बँकेनं मले रूल सांगितला

सोनोग्राफीचा कागद पाहून डॉक्टर म्हणाले, "अपेंडिक्स फुटलं आहे. परफोरेशन. आजच ऑपरेशन करावं लागेल."

परफोरेशन म्हणजे भोक. आतली घाण बाबाच्या पोटात पसरून राह्यली होती, आणि आम्ही दोन दिवस गॅस समजून ओवा खाऊ घालत होतो. तुमच्या घरी कोणाले पोटात उजवीकडं खाली दुखलं, ताप आला, त ओवा ठेवा बाजूले आणि दवाखाना गाठा.

वर्ध्याच्या त्या दवाखान्यात काउंटरवर दीड लाख डिपॉझिट मागितलं. बाबाचं पुलगावात भांड्याचं दुकान. पैसे खात्यात होते, स्वतःचे. पण एटीएम कार्ड त्यानं कधी घेतलंच नाई. "दवाखान्यात नगदच लागते," बाबा म्हणे. स्ट्रेचरवर चेकवर सही केली. दुकानाची सवय, म्हणून दुसऱ्या कोऱ्या चेकवरही केली. एक खराब झाला त असावा.

मी बँकेच्या वर्ध्याच्या ब्रांचमध्ये धावत गेली.

मॅनेजर म्हणे, "ही तुमची होम ब्रांच नाही, मॅडम. खातेदार स्वतः नसेल तर पन्नास हजारांच्या वर कॅश मिळणार नाही."

खातं होतं त्या पुलगावच्या ब्रांचले फोन केला. तिथं म्हणे, मोठी रक्कम असली त एक दिवस आधी सांगा लागते. बाबाच्या आतड्यानं एक दिवस आधी सांगितलं नाई, म्हटलं. फोन ठेवला त्यानं.

"एवढी कॅश कशाला पाहिजे?" हा मॅनेजर विचारते. मी फाइल दिली. यानं रिपोर्ट उलटा धरून वाचला. पैसे भराले जातो तवा हेच लोक चहा सांगते.

आईचा फोन आला. "बाबाचं बीपी उतरून राह्यलं. काउंटरवाले पैसे भरले का विचारते."

मागं पेन्शनच्या लाइनीत एक मावशी उभ्या होत्या. त्या म्हणे, "पोरी, नगद काऊन मागून राह्यली? दवाखान्याचा खातेनंबर घे, दुसरा चेक एनईएफटीचा लिही. त्याले हे लिमिट नाई."

एनईएफटी म्हणजे या खात्यातून त्या खात्यात पाठवणं. मी मॅनेजरकडं पाह्यलं.

"हो, ते होईल की," म्हणे.

"मंग एक तासापासून सांगितलं काऊन नाई?"

"तुम्ही कॅश मागितली."

असा माणूस एसीत बसते आणि त्याले पगार भेटते.

पाऊण तासात पैसे पोचले. बाबाले आत नेलं. पोट धुतलं, ड्रेन टाकला, म्हणजे पू बाहेर काढाची नळी. सहा दिवस होती. आता बाबा वरण-भात खाते. त्या मावशीचं नाव विचाराचं राह्यलं, पण रोज आठवण येते त्यांची.

टाके निघाले तवा बाबा स्वतः म्हणे, "खात्यात तुहं नाव टाकू." तुमच्या घरीही हे आजच करा. दोघांपैकी कोणीही पैसे काढू शकते, असं लिहून घ्या.

पुलगावच्या ब्रांचमध्ये बाबा पोटावर हात धरून फॉर्म भरत होते. क्लार्क म्हणे, "काका, बसा ना, आरामात करा सही."

"उभाच बरा," बाबा म्हणे. "बसलो त तुम्ही उद्या या म्हणसान."