शंभर वर्षांनंतरच्या रस्त्यावर नाना

त्या सकाळी जिन्यात शांतता होती, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. एरवी दूधवाला आला की समोरच्या दारातून नानांचा आवाज सुरू व्हायचा, तो थेट चौकातल्या रिक्षास्टँडपर्यंत पोचायचा. भांडण वगैरे काही नाही हो, साधं "आज अर्धा लिटरच दे" एवढंच सांगायचं असायचं. त्या दिवशी मी चहा कपात ओतून गॅलरीत बसले, दोन घोट घेतले, मनात म्हटलं, चला, आज म्हातारा शहाण्यासारखा झोपलाय. तिसरा घोट घ्यायच्या आत दार वाजलं. नानांची बायको, कमलवहिनी उभ्या होत्या, पदर खांद्यावरून ओघळलेला. "बाई, हे उठत नाहीत," एवढंच म्हणाल्या. मी धावत गेले. नाना कुशीवर झोपलेले होते आणि तोंड थोडं उघडं होतं, आता काहीतरी बोलतील असं… त्याला आता महिना होत आला. जिन्यात अजून तशीच शांतता आहे आणि ती मला खायला उठते.

नाना म्हणजे आमच्या डिंडोलीच्या सोसायटीचे चेअरमन, आणि माझे शेजारी. भेस्तानच्या एका कापड कारखान्यात सगळा जन्म लूमवर गेला. त्या खटखटाटात शेजारच्याशी बोलायचं तर एक तर बेंबीच्या देठापासून ओरडायचं, नाही तर ओठ वाचायचे. नाना दोन्ही शिकले आणि निवृत्त झाल्यावरही दोन्ही सुटलं नाही. कान गेले होते, ओरडणं राहिलं होतं. त्यांच्या घरातली एकही गोष्ट खासगी राहिली नाही. वहिनींच्या गुडघ्यांचं दुखणं अख्ख्या रस्त्याला पाठ होतं. मी साताऱ्याकडची, पालिकेच्या मराठी शाळेत बाई होते. वर्गात शिस्त आणि घरात शांतता एवढ्या दोनच गोष्टी मला आयुष्यात हव्या होत्या, त्यातली दुसरी नानांनी कधी मिळू दिली नाही. मी वैतागून लांबून ओठातल्या ओठात पुटपुटले तर तेही त्यांना दिसायचं. "बाई, मी बहिरा झालोय, आंधळा नाही!" हे ते खालून ओरडणार, आणि भाजीवाल्यासकट सगळे हसणार. मी पाय आपटत आत जायची.

गाव त्यांचं खानदेशात, तापीच्या काठचं. मिसरूड फुटायच्या वयात इकडे गुजरातेत कामाला आले होते, आणि आल्या दिवसापासून परत जायचंच म्हणत होते. घरात फरशी बसवली नाही, कारण जायचंच आहे. कपाट घेतलं नाही, कपडे पत्र्याच्या पेटीत, कारण जायचंच आहे. वहिनींनी गॅलरीत तुळस लावली तीसुद्धा तेलाच्या डब्यात, उचलून नेता येईल अशी. मग एका उन्हाळ्यात भावाभावांत घराच्या वाटण्या झाल्या. नाना गावाहून परत आले तेव्हा पहिल्यांदाच त्यांचा आवाज जिन्यात आला नाही. दोन दिवसांनी मीच विचारलं तर म्हणाले, "तिथं आता माझी पथारी पसरायची जागा नाही, बाई." नेहमीसारखं ओरडून नाही, हळूच म्हणाले. मुलगा किरण बंगळुरात. तो माझाच विद्यार्थी, चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होता. नात मायरा, आठ वर्षांची, हिंदी बोलते, इंग्रजी बोलते. आजोबा फोनवर ओरडले की घाबरून फोन आईकडे द्यायची. म्हणजे मागचं गाव गेलं, पुढची पिढी दूर. मधे काय राहिलं, तर हा डिंडोलीचा रस्ता.

अशात आमच्या भागातल्या भिंती रंगवायची टूम निघाली. आमच्या सोसायटीची रस्त्याकडची भिंत लांबलचक. धबधबा काढावा, त्याखाली पाणी पिणारं हरीण असावं, शेजारी झाडे लावा झाडे जगवा, असं जवळपास ठरलंच होतं. सभेत नाना उठले आणि गरजले, "हरीण कसलं काढता? डिंडोलीत हरीण कोणी पाहिलंय? हा रस्ता काढा. शंभर वर्षांनी हा रस्ता कसा असेल तो काढा." एकाने विचारलं, नाना, शंभर वर्षांनी आपण असणार का? नाना म्हणाले, "तेच तर पाहायचंय मला." लोक हसले. मला मात्र त्या क्षणी हसू आलं नाही, कारण मी त्यांच्याकडे पाहत होते आणि माणूस थट्टा करत नव्हता.

चित्रकार शोधायचं काम नानांनी अंगावर घेतलं आणि मला बरोबर ओढलं, कारण फोनवर समोरचा काय म्हणतो ते त्यांना ऐकू यायचं नाही. रिद्धी नावाची मुलगी सापडली, चित्रकला शिकून नुकतीच बाहेर पडलेली, कतारगामची, गुजराती. पोरगी गुणी होती. आठवडाभर वही घेऊन रस्त्यावर फिरली, पानवाला, शिलाईवाली, लूमवरून सुटलेली पोरं, सगळ्यांना विचारत होती की पुढे इथे काय असावं. कोणी म्हणालं झाडं, कोणी म्हणालं डोक्यावरून रेल्वे, एका बाईने सांगितलं की पाणी दिवसभर यावं, बाकी काही नको. मग एक दिवस तिने कच्चं चित्र आणून नानांच्या घरात जमिनीवर उलगडलं. उंच काचेच्या इमारती, त्यांच्या अंगावर चढलेल्या वेली, मधून स्वच्छ पाण्याची खाडी, हवेत तरंगणाऱ्या गाड्या. आणि माणसं… छान होती, उंच, सडपातळ, एकसारख्या कपड्यांतली. मला आवडलं हो. नाना गुडघ्यांवर बसून या टोकापासून त्या टोकापर्यंत रांगत गेले. मग वर पाहिलं आणि त्यांच्या तोंडून घरातली अहिराणीच आली, "यामा आपलं कोन शे?"

रिद्धीने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, विचारतायत की यात आपलं कोण आहे. ती हसून म्हणाली, "दादा, आ तो सो वरस पछीनी वात छे. बधा भेगा थई गया हशे." शंभर वर्षांनी सगळे मिसळून गेलेले असतील, हे म्हणणं काही चुकीचं नव्हतं. पण नानांनी तिचे ओठ वाचले होते, आणि त्यांचा चेहरा असा पडला की मला बघवेना. म्हणाले, "मिसळू दे ना. मिसळायला माझी ना नाही. पण दुधात साखर टाकली तर निदान गोड तरी लागतं. आमचं काहीच लागणार नाही का?"

मग त्यांच्या डोक्यात कानबाई आली, खानदेशची देवी. आमच्या भागात ज्यांनी श्रावण पाहिलाय त्यांना सांगायला नको. खानदेशी घरांत श्रावणातल्या एका ठरलेल्या रविवारी नारळाची कानबाई साडी-दागिने घालून चौरंगावर बसते, घरच्या पुरुषांच्या नावाने मुठी मुठी गहू दळून नैवेद्याचे रोट होतात, रात्रभर गाणी, आणि दुसऱ्या दिवशी बायका चौरंग डोक्यावर घेऊन वाजतगाजत तिला नदीवर पोचवतात. इथून टेम्पो करून तापीवर जातात. नानांचं म्हणणं, शंभर वर्षांनंतरच्या रस्त्यावर, त्या काचेच्या इमारतींच्या मधोमध, कानबाई बसलेली काढा. रिद्धी आनंदाने तयार झाली. पण भिंतीवर खडूने नुसती आकृती आली मात्र, बायकांनी सोसायटी डोक्यावर घेतली. सगळ्यांत म्हाताऱ्या सखूआजी काठी टेकत आल्या आणि नानांना भर रस्त्यात म्हणाल्या, "भितवर बसाडशी, मंग धाडशी कशी?" खरंच होतं. बसवलेली कानबाई दुसऱ्या दिवशी पाठवावी लागते. भिंतीवर रंगवली की ती बाराही महिने तिथेच अडकणार, ना आरती ना निरोप, समोरून कचऱ्याची गाडी जाणार. असं चालत नाही. दुसऱ्या कोणाला ही अडचण सुचलीही नसती, चित्र ते चित्र. पण चार दिवसांत आमच्याकडे दोन तट पडले, आणि नाना कोणाशी बोलेनात.

तेव्हा मी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. म्हटलं, "नाना, एवढं कशाला जिवाला लावून घेता? भिंत आहे ती. धबधबा काढा, हरीण काढा आणि सुटा." ते गॅलरीत बसून होते. म्हणाले, "बाई, मी इथे आलो तेव्हापासून पाहुण्यासारखा राहिलो. हात धुतले आणि निघालो, असा. आता कळलं की निघायचं ते इथूनच आहे. मग माझी इथे काही खूण नको?" माझे मिस्टर गेले तेव्हा मीही साताऱ्याला जाणार होते. गेले नाही. कशाला राहिले, हे मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. नाना तेवढं तरी विचारत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच जिन्यात आरोळी. "बाई! सुटलं! परत येताना काढायचं!" मी पोळी तव्यावर टाकून बाहेर आले, ती करपली. त्यांचं म्हणणं असं की कानबाईला पोचवून बायका नदीवरून परत येतायत, एवढंच काढायचं. त्यांच्या घरची रीत होती, परतताना रिकाम्या चौरंगावर नदीची मूठभर वाळू ठेवून आणायची. देवी भिंतीवर नाही, म्हणून अडकायचा प्रश्न नाही. सखूआजींनी विचार करून होकाराची मान हलवली. रिद्धीने मात्र शंका काढली, की दादा, बाईच्या डोक्यावर नुसता रिकामा चौरंग पाहून कोणाला काय कळणार? ती भिंतीकडे बघत बोलली होती, म्हणून मी ते नानांना सांगितलं. त्यावर ते जे म्हणाले ते तेवढ्याच मोठ्याने म्हणाले, म्हणून साऱ्या रस्त्याने ऐकलं असेल. "सगळ्यांना नकोच कळायला. शंभर वर्षांनी कोणी एकाने विचारावं, ही रिकामा चौरंग का नेते? आणि कोणी एकाने सांगावं. एवढं झालं ना, म्हणजे आम्ही आहोत."

भिंत पूर्ण व्हायला हिवाळा उजाडला. नाना रोज खाली खुर्ची टाकून बसायचे आणि रिद्धीला नको नको त्या सूचना करायचे. पाचवारी काढ, सहावारी नको, असलं काहीतरी मुद्दाम उलटसुलट बोलून तिला हसवायचे. चित्रातल्या तीन बाया त्या हवेतल्या गाड्यांच्या खालून चालत येतायत, मधलीच्या डोक्यावर चौरंग. तिचा चेहरा कमलवहिनींसारखा आहे असं सगळे म्हणतात, वहिनी स्वतः ते कबूल करत नाहीत. रंग वाळायच्या आत बायकांनी त्या रिकाम्या चौरंगालाच हळदीकुंकू लावलं. रिद्धी रडकुंडीला आली, तिने पुसून पुन्हा रंगवलं, त्यांनी पुन्हा लावलं. शेवटी तिने नाद सोडला. माझी आणि नानांची शेवटची भेट त्या भिंतीपाशीच झाली, ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी. मी भाजी घेऊन येत होते. त्यांनी लांबूनच आवाज न काढता फक्त ओठ हलवले. मला लूमवाल्यांसारखं ओठ वाचता येत नाही. मी हातानेच काय म्हणून विचारलं, तर त्यांनी राहू दे अशी खूण केली. काय म्हणाले असतील, हे आता कोणाला विचारू?

तेराव्यानंतर किरण वहिनींना बंगळुराला घेऊन निघाला. घराचं पुढे काय ते नंतर पाहू म्हणाला, पण दलाल येऊन खोल्या बघून गेला होता. त्याचंही बरोबर आहे, आईला इथे एकटीला कुणाच्या भरवशावर ठेवणार? तुळशीचा डबा वहिनींनी माझ्या गॅलरीत आणून ठेवला. उचलून नेता येईल असा लावला होता ना, नेला तो एवढाच, समोरच्या दारापर्यंत. मी त्यांना पोचवायला खाली आले. वहिनी गाडीत जाऊन बसल्या, मांडीवर पिशवी, नजर समोर. त्यांनी भिंतीकडे पाहिलं नाही. किरण सामान चढवत होता. मायरा भिंतीपाशी उभी राहून हवेतल्या गाड्या बघत होती, मग तिने बोट केलं. "पापा, ये आंटी सर पे खाली टेबल क्यों ले जा रही है?"

विचारलं होतं. शंभर वर्षं नाही, नाना जाऊन पुरता महिनाही झाला नव्हता, पण त्यांच्याच रक्ताच्या पोरीने अगदी तेच विचारलं होतं. किरण डिकी लावत होता. फोन वाजत होता. "पता नहीं बेटा," तो म्हणाला, "ऐसे ही बनाया होगा. चलो, लेट हो रहा है."

मी ना खानदेशातली, ना माझ्या माहेरी कानबाई, ना सासरी. पण माझ्या तोंडून असा काही आवाज निघाला की माझा मलाच ओळखू आला नाही. "अगं, देवीला पोचवून येतायत त्या!" मी ओरडले. "तुझ्या आजोबांच्या घरची कानबाई! तिला नदीवर सोडून आल्या, म्हणून चौरंग रिकामा आहे!" मराठीतच ओरडले, हिंदी सुचलंच नाही. किरण जागच्या जागी थांबला. गाडीच्या काचेआड वहिनींनी पिशवीत तोंड लपवलं. मायरा माझ्याकडे बघत राहिली, पण या वेळी घाबरली नाही. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "देवी गई, तो टेबल वापस क्यों ला रहे हैं?"

"पुढच्या वर्षी तिला परत बसवायची असते ना, बाळा," मी म्हटलं, तेही ओरडूनच.

वर दोनचार खिडक्या उघडल्या. कोण एवढं बोंबलतंय म्हणून लोक वाकून बघत होते, मी इतकी वर्षं बघायचे तसंच. नानांची खिडकी तेवढी बंद होती.