‘बघू की’चा अर्थ

बंगळुरूची गाडी दुपारची होती. अप्पा स्टेशनवर येणार नव्हते, दुकान उघडं होतं. म्हणून सोलापूरच्या नवी पेठेत आमच्या चादरींच्या दुकानासमोर रिक्षा थांबवून मीच उतरले. एका बाईंना आहेरासाठी लाल चादर आवडली होती, पण जावेला विचारायचं होतं. “बघू की,” अप्पा म्हणाले आणि चादर घडी करून मागच्या फळीवर ठेवली. मग माझ्याकडे वळले. “जा की. रडायला काय झालं? लंडनला चाललीस काय?” मी रडत नव्हते. रिक्षात बसलेली अव्वा, माझी आई, रडत होती.

त्या फळीवरची चादर दुसऱ्या गिऱ्हाइकाला दाखवतही नसत. आमच्या दुकानात ‘बघू की’ म्हणजे तुमच्यासाठी ठेवली. हे कुणी कुणाला समजावून सांगत नसे, पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं.

बंगळुरूत मी आधी सॉफ्टवेअर कंपनीत होते, नंतर एका व्हेंचर फंडात गेले. नव्या कंपन्या शोधायच्या, त्यांत गुंतवणूकदारांचा पैसा घालायचा, बदल्यात हिस्सा घ्यायचा. प्रत्यक्षात दिवसाचा बहुतेक वेळ नकार देण्यात जातो. तो स्पष्ट द्यायचा नसतो. आज नाकारलेली कंपनी उद्या मोठी झाली तर आपल्यासाठी दार उघडं हवं. त्यामुळे सगळे ‘बघू’ म्हणतात, आणि ऐकणारा समजून जातो. मीही म्हणायला शिकले. सोलापूरहून आलेल्यांनाच ते जमत नाही, असा समज कुणी करून घेऊ नये. मला चांगलं जमत होतं.

श्रीशैल आमच्या फंडाकडे पैसे मागायला आला होता. सोलापूरच्याच भवानी पेठेतला. घरात तेलुगू, वडील विणकर. धागा तुटताच जुना यंत्रमाग आपोआप थांबवणारं यंत्र त्याने चिंचोळीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये तयार केलं होतं. व्हिडिओ कॉलवर पहिल्या पाच मिनिटांत त्याने माझं गाव ओळखलं आणि ‘मॅडम’ची ‘अक्का’ झाली. तासभर आम्ही गावच्या बोलीत बोललो. कॉल संपवताना मी म्हणाले, “बघू की.” माझ्या मनात फंडातला ‘बघू’ होता. तोंडातून पेठेतला गेला.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. “अक्का, कागद कवा पाठवताय? पुण्याची पार्टी तयार होती, त्यास्नी नको म्हणून सांगितलं की मी.”

“का सांगितलंस?”

“तुमी बघू की म्हणला न्हवं?”

पुण्याच्या गुंतवणूकदारांनी तोवर दुसरी कंपनी धरली होती. श्रीशैलकडे चार माणसं होती आणि शेड महिनाअखेरीस सोडावी लागणार होती.

मी प्रस्ताव फंडाच्या समितीपुढे नेला. यंत्र चांगलं होतं, बाजार लहान होता. दोन्ही गोष्टी मी सांगितल्या, आणि त्या कॉलवर मी काय म्हणाले तेही. आमचे वरिष्ठ भागीदार हसले. “त्याला भाषा कळली नाही, यात आपला काय दोष?” त्याला भाषा कळली होती. आमच्या बोलीत त्याचा अर्थ काय, हे बोलताना मीच विसरले होते. प्रस्ताव फेटाळला गेला. पुढच्या महिन्यात मला भागीदार करणार होते. त्याआधी मी राजीनामा दिला आणि स्वतःची बचत त्या कंपनीत घातली. अप्पांना फोन केला. ते एवढंच म्हणाले, “शब्द गेला होता न्हवं तुझा? मग मला काय विचारतीस?”

माझ्याबरोबर सोलापूरहून बाहेर पडलेले मित्र याला भावनेच्या भरात केलेला वेडेपणा म्हणतात. गावातल्या काहींना वाटतं, तिकडे टिकाव लागला नाही म्हणून ही परत वळली. दोघेही चुकतात. मी परत वळलेले नाही. राहायला बंगळुरूतच आहे, आता माझा स्वतःचा छोटा फंड आहे, आणि नकार मी त्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत कळवते. त्यामुळे काही चांगल्या कंपन्या हातच्या गेल्या. आणखीही जातील.

श्रीशैलची कंपनी अजून नफ्यात नाही. गेल्या महिन्यात मी भवानी पेठेतल्या एका कारखान्यात यंत्र बघायला गेले. मागावरच्या बाईंनी ओळख होण्याआधीच सुनावलं, “हे तुमचं व्हय? लई शहाणं हाय बाई. धागा तुटायच्या आधीच बंद पडतंय की!” शेजारच्या मागावरच्या दोघी हसल्या. श्रीशैल खाली बघत राहिला. मी वही काढली आणि दिवसातून किती वेळा बंद पडतं ते विचारलं. त्यांनी सांगितलं, आणि पुढच्या वेळी दुरुस्त केल्याशिवाय येऊ नका असंही सांगितलं.

बंगळुरूत माझ्याशी असं बोलायला लोकांना आधी वेळ ठरवावी लागते. सोलापुरात कुणीही, उभ्या उभ्या, मला जाब विचारू शकतं. जिथे असा जाब विचारता येतो, तेवढंच आता मी घर मानते, आणि ते सोडायचा माझा विचार नाही.