मायचा मुराळी आणि माझी गाडी

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. मी पलसाण्याला एका मिलमध्ये डाइंग मास्टर आहे. कापडाचा रंग बिघडला तर त्याला कारण असतं — पाणी जड असेल, तापमान चुकलं असेल, नाहीतर कोणीतरी मशीनवर डुलक्या काढल्या असतील. कारण सापडेपर्यंत मी घरी जात नाही. तेव्हा पुढचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा... मीही हसलो असतो.

राहायला डिंडोलीत, इथे गुजराती मुलखात. मूळ गाव खानदेशात, पारोळा तालुक्यात, मायचं माहेर धरणगावकडे. घरात आम्ही तिघं — मी, बायको सुनीता आणि माय. चौथा म्हणजे आप्पा, जो राहतो भेस्तानला पण आमच्या घरात रोज त्याचंच नाव निघतं. माझा मामेभाऊ. मायच्या थोरल्या भावाचा मुलगा, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, आमच्याच शेठचा ड्रायव्हर. शेठची काळी जर्मन एसयूव्ही तो अकरा वर्षं चालवत होता. कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. त्यांना न्यायला माहेरचं माणूस येतं, त्याला मुराळी म्हणतात. मायचे दोन्ही भाऊ गेले, तेव्हापासून तिचा मुराळी आप्पा. दर आखाजीला शेठकडून दोन दिवस गाडी मागून घ्यायचा. मायचे गुडघे गेलेत, म्हणून दारात आल्यावर बटण दाबून गाडी खाली बसवायचा. माय पुढच्या सीटवर टेकली की गाडी परत वर. सगळी गल्ली बघायला! आणि मी ओट्यावर, हातात मायची पिशवी धरून उभा. अस्सं पोटात दुखायचं की विचारू नका. तिची औषधं मी आणतो, दवाखान्यात मी नेतो, पाय सुजले तर रजा मी टाकतो... आणि कौतुक कोणाचं? "मना आप्पा!" म्हणजे माझा आप्पा.

मागच्या वर्षाच्या सुरुवातीला, थंडीत, शेठने नवीन गाडी घेतली. आप्पा आमच्याकडे चहाला आला होता, म्हणाला, "जुनी काढतील तं मीच मांगसू म्हनस. हात बठेल शे तिनावर." हात बसलाय म्हणे तिच्यावर. मी मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा बोलायच्या आत मी शेठच्या केबिनमध्ये जाऊन गाडी मागितली. झालं. गाडी माझी. हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, सुनीतालाही नाही. आप्पाला कळलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बरं झालं, घरमाच ऱ्हायनी." तेही मला खुपलं. भांडला असता तर बरं वाटलं असतं.

जुनी लक्झरी गाडी पाळणं काय असतं, ते ज्याने पाळलीय त्यालाच विचारा. आज हा सेन्सर, उद्या तो सेन्सर, पार्ट दिल्लीहून येणार, तोवर गाडी दारात. पण ते सगळं सोडा. खरं दुखणं एअर सस्पेन्शनचं. या गाडीला लोखंडी स्प्रिंगा नाहीत, चाकांवर हवा भरलेल्या रबरी पिशव्या असतात. हवा गळाली की गाडी खाली बसते, कॉम्प्रेसर चालला की उठते. माझ्याकडे आल्यापासून ती बसायची ती बसायचीच. भेस्तानचे इम्रानभाई, माझे मेकॅनिक, त्यांनी चारही पिशव्या बदलल्या, पाइप बदलले, कॉम्प्रेसर बदलला. गॅरेजमध्ये ठणठणीत. माझ्या दारात आली की फस्स... आणि पोट जमिनीला.

पहिल्यांदा सुनीताच्या लक्षात आलं. रविवारी आप्पा मायला भेटायला यायचा. माय आतूनच विचारायची, "उना का?" — आलास का म्हणून. येताना गाडीच्या मागच्या पत्र्यावर हाताने थोपटायचा आणि म्हणायचा, "चाल ऊठ, फुई वाट दखी ऱ्हायनी." आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात.

"अहो," सुनीता म्हणाली, "आप्पाभाऊजी आले की गाडी उभी असते. बघितलंत का तुम्ही?"

"दरवाजा उघडला की सिस्टिम जागी होते. टेक्निकल आहे ते."

"त्यांनी दरवाजा कुठे उघडला?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिला म्हटलं, तूही त्याचीच आरती ओवाळ! पुढच्या रविवारी मी मुद्दाम पडद्याआडून बघत बसलो. आप्पा आला, थोपटलं, गाडी उठली. तो आत चहा पीत असताना मी गुपचूप जाऊन तसंच थोपटलं. तेच शब्दही म्हटले, इकडे तिकडे बघून. ती होती तशीच उभी. पण आप्पा गेला आणि दहा मिनिटांत बसली. मग मी अर्धा तास थोपटत होतो... शेजारचे काका विचारायला लागले, शुं थयुं मास्तर, काय झालं?

मागच्या वर्षीची आखाजी आली. मी ठरवलं, या वेळी मायला मीच नेणार. माझ्या गाडीतून. आप्पाला फोन करून सांगितलं, "तू येऊ नको." तो बरं म्हणाला. माय मात्र पिशवी भरता भरता म्हणाली, "आंडोर कधी मुराळी व्हस का रे?" लेक कधी आईचा मुराळी होतो का, असं तिचं म्हणणं. सासरच्या घरातलाच माणूस माहेरी न्यायला कसा येईल? बरोबरच होतं तिचं. पण ऐकतो कोण!

सकाळी आठला निघायचं होतं. गाडी जमिनीवर बसलेली, चाकं पार आत गेलेली. स्टार्ट केली तर लाल अक्षरं, आणि मग तीही विझली. इम्रानभाईंना बोलावलं. त्यांनी बॅटरी काढून आमच्या हॉलमध्ये चार्जरला लावली. कॉम्प्रेसरही उघडून ओट्यावर वर्तमानपत्रावर मांडला. म्हणाले, "मास्तर, दो घंटा." माय नऊवारी नेसून, डोक्यावर पदर घेऊन ओट्यावरच्या खुर्चीत बसलेली. तिने एकदाही विचारलं नाही की किती वेळ. नुसती रस्त्याकडे बघत होती. मला सारखं वाटत होतं, ही माझ्यासमोर बसून दुसऱ्याची वाट बघतेय.

दहाच्या सुमाराला गेटपाशी आप्पा. धुतलेला पांढरा शर्ट, हातात खरबुजाची पिशवी. मी येऊ नको म्हटलं होतं, म्हणून गेटच्या आत पाय टाकेना. माय खुर्चीतून उठली — कोणाचा आधार न घेता — आणि मोठ्याने म्हणाली, "कितला उशीर रे, मना मुराळी!"

आणि गाडी उठली.

आधी मागून, मग पुढून, गाय उठते तशी. सावकाश. पूर्ण उंचीवर आली आणि थांबली. आप्पा गेटबाहेर, तिच्यापासून दहा पावलं लांब. किल्ली माझ्या खिशात. इम्रानभाईंच्या हातात कॉम्प्रेसरचं झाकण होतं, ते तसंच राहिलं. ते एवढंच म्हणाले, "भाई... बॅटरी तो अंदर है."

मग माय माझ्याकडे वळली. "किल्ली दे त्याले."

माणसाला अशा वेळी भीती वाटायला हवी ना? मला नाही वाटली. मला इतका राग आला, इतका मत्सर वाटला की डोळ्यांत पाणी आलं. माझी आई, माझी गाडी, आणि दोघी त्याला बघून उठतात! मी म्हटलं, "नाही देणार. गाडी माझी आहे."

माय चिडली नाही. म्हणाली, "गाडी तुनीच शे रे. मुराळी मना शे."

आणि गेली. आप्पाचा हात धरून पायऱ्या उतरली, रिक्षात बसली, उधना स्टेशनवर जाऊन दोघं भुसावळच्या गाडीने गेले. रिक्षा कोपऱ्यावर वळली आणि माझ्यामागे आवाज झाला... फस्स. मी वळून बघितलं नाही.

इम्रानभाईंनी नंतर बरंच डोकं लावलं. टाकीत उरलेली हवा असेल, व्हॉल्व्ह आपोआप उघडला असेल. मी विचारलं, व्हॉल्व्हला करंट लागतो ना? ते म्हणाले, लागतो. मग त्यांनी विषय बदलला. मी मिलच्या इलेक्ट्रिशियनला विचारलं, इंटरनेटवर परदेशी लोकांच्या ग्रुपवर विचारलं. बॅटरी आणि कॉम्प्रेसर दोन्ही बाहेर असताना गाडी उठल्याचं एकानेही ऐकलेलं नाही. मलाही आजपर्यंत कारण सापडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर आता मी शोधतही नाही.

यंदा आखाजीच्या आधी मीच आप्पाला फोन केला. म्हटलं, ये, किल्ली देतो, मी मागे बसतो. सुनीता आदल्याच दिवशी तिच्या माहेरी गेलेली. पहाटे तो आला तेव्हा मी मुद्दाम गाडीकडे पाठ करून घराला कुलूप लावत होतो. वळलो तर ती उभी होती. माय पुढे बसली, मी मागे पिशव्यांजवळ.

नवापूर गेलं, कोंडाईबारीचा घाट गेला, माय बोलतच होती. विहिरीवरचा आंबा, कोणाच्या लग्नात कोण रुसलं होतं, झोक्यावरून ती कशी पडली होती... मध्येच तोंडावर पदर धरून हसायची. माझ्याशी दिवसभरात तिची दोन वाक्यं होतात — जेवला का, आणि पंखा कमी कर. एवढं बोलणं तिच्यात आहे हेच मला ठाऊक नव्हतं. मी मागे बसून जळत होतो, अजूनही जळतो, खोटं कशाला सांगू.

धरणगाव दिसायला लागलं तेव्हा पाण्याची बाटली घ्यायला ती मागे वळली. मला बघून थबकली आणि अगदी खरंखुरं आश्चर्य वाटून म्हणाली,

"अरे, तू बी उना का?"