दोन तंबोरे आणि एक उडी

शास्त्रीय संगीत आणि भक्ती या विषयावरच्या एका कन्नड सिनेमाचं शूटिंग मी एकट्यानं बंद पाडलं. तेही कुठलीही वैचारिक भूमिका न घेता.

कळंब्याच्या तळ्याजवळ प्लायवूडचं देऊळ उभं राहिलं होतं. मुहूर्ताला कॅमेऱ्यापुढं नारळ फुटला, दिव्यांपुढं फुटला, जनरेटरपुढंही फुटला. (मूर्तीचा राहिला. ती फायबरची होती.) सिनेमातल्या शिष्याच्या, म्हणजे हिरोच्या हातात जुना, खरा तंबोरा हवा होता आणि तो आमच्या आण्णांकडं, म्हणजे वडिलांकडं होता. त्यांच्या गुरुजींनी दिलेला. गुरुजी गेले तेव्हा आण्णा रडले नाहीत. घरी येऊन तंबोऱ्याला कापडी गवसणी घालताना रडले. असला तंबोरा शूटिंगला आणून देण्याचा शब्द मी परस्पर देऊन टाकला होता! आण्णांनी एकच अट घातली: तंबोऱ्याबरोबर आपण येणार आणि श्रोत्यांत पुढं बसणार. मग आईही निघाली.

सकाळचा गाण्याचा शॉट झाला. दुपारी मी श्रोत्यांच्या मागच्या रांगेत बसलो होतो, तेवढ्यात सामान सांभाळणारा रायाप्पा शेजारी टेकला. हा निपाणीचा, दिग्दर्शकाचं कन्नड आम्हाला आणि आमचं मराठी दिग्दर्शकाला तोच पोचवायचा.

"पावणं, आता बघा सीन! हिरोचा देवावरचा इस्वास उडतोय. तंबोरा उचलतोय की दाणकन पायरीवर!"

"कुठला तंबोरा?"

"भ्या नका की! डमी हाय, कागदाच्या लगद्याची. पर दिसाय हुबेहूब तुमचाच."

"मग तुम्ही ओळखता कसा?"

"लई सोपं. डमीला तारा न्हाईत, नुसत्या दोऱ्या हायत."

मी रायाप्पाचा दंड धरला. कारण सकाळचा शॉट संपल्यावर आण्णांची नजर त्या डमीवर पडली होती. "देवाम्होरं ह्ये दोऱ्या बांधल्यालं भूत ठेवत्यात व्हय?" असं म्हणत त्यांनी पिशवीतल्या जादा तारा काढल्या आणि जेवण सोडून त्या डमीवर चढवल्या. वर कुंकू लावलं, हार घातला. शेजारी पक्कड धरून मीच उभा होतो!

"रायाप्पा, आता दोन्हीला तारा हायत!"

रायाप्पानं मान उंच करून हिरोकडं पाहिलं. "मग हिरोला मी कंचा दिला?"

हे त्यानं मला विचारलं!

एवढ्यात "सायलेन्स!" अशी आरोळी झाली. हिरो तंबोरा घेऊन मूर्तीपुढं उभा राहिला. मी दुसरा तंबोरा शोधू लागलो. खांबाशी नव्हता. पडद्यामागं नव्हता. पुढच्या रांगेत आण्णांचं डोकं तेवढं दिसत होतं, शांत, जरासं डोलणारं. बिचाऱ्यांना काहीच कल्पना नव्हती.

"ओरडा की," मी कुजबुजलो.

"मी वरडलो तर नोकरी जाईल. तुमी वरडा, तुमी पावणं!"

हिरो देवाला जाब विचारू लागला. मला कन्नड येतं ते 'ऊटा आय्ता?' म्हणजे 'जेवलात का?' एवढंच, आणि हिरो देवाला ते विचारत नव्हता. तो थांबला की माझं काळीज थांबायचं. रायाप्पा कानाशी लागला होता. "म्हणतोय, तुझ्यासाठी घर सोडलं... आता म्हणतोय, आई सोडली... आता आलंच बघा!"

हिरोनं तंबोरा डोक्यावर उचलला.

मी उडी मारली. दोन श्रोते, एक वीणा (तीही डमीच असावी) आणि एका बाईंचा पदर तुडवत मी तंबोऱ्याचा दांडा पकडला. हिरो सोडेना! तो भूमिकेत शिरला होता, आणि देवानं कुणी पाठवलाय असं वाटून जास्तच चिडला होता. त्यानं ओढला, मी ओढला आणि दोघंही पायऱ्यांवरून खाली आलो. मोठ्ठा आवाज झाला.

डोळे उघडले. भोपळ्याचे दोन तुकडे झाले होते आणि आतून कन्नड वर्तमानपत्र डोकावत होतं. छापील मजकुरानं मला इतका आनंद आयुष्यात कधी दिला नव्हता!

"उठ," वर आण्णा उभे होते. "आपला कवाच गवसणीत घातलाय. त्यो बघ." बायकांच्या रांगेत आई तंबोरा मांडीवर घेऊन, झोपलेलं नातवंड सांभाळावं तशी बसली होती. "माझा तंबोरा हिरोच्या हातात असता तर मी गप बसलो असतो व्हय रं?"

तोवर दिग्दर्शक धावत आला आणि बराच वेळ बोलला. रायाप्पानं ते थोडक्यात सांगितलं. "सायेब म्हणत्यात, डमी एकच हुती. उजेड चाललाय. एका शॉटापुरता तुमचा..."

आण्णा आईच्या पुढं जाऊन उभे राहिले. "तंबोरा न्हाय मिळायचा. आपटायचंच असंल तर ह्याला आपटा. ह्यो बी आतनं पोकळच हाय!"

रायाप्पानं हे इमानदारीनं कन्नडमध्ये सांगितलं. दिग्दर्शकानं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, तो हिरोशी काहीतरी बोलला आणि त्यानं खिन्नपणे मान हलवली.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"न्हाय जमायचं म्हणत्यात," रायाप्पा म्हणाला. "हिरोला तुमी उचलायचा न्हाईसा."