भिंतीपलीकडे गेलेली केबल

पत्नीची बँकेतली बदली जयपूरला झाली, तेव्हा मी साताऱ्यातील संस्कृत प्राध्यापकाची नोकरी सोडली. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी संगणकाची पदविका घेतली आणि जगतपुऱ्यातील एका खाजगी महाविद्यालयात संगणक-प्रयोगशाळेचा प्रभारी झालो.

तिथल्या तीस संगणकांवर नवी प्रणाली चढवायची होती. प्रत्येकापुढे पेनड्राइव्ह घेऊन बसण्याऐवजी मी एका सर्व्हरवर सगळी तयारी केली. संगणक सुरू होताना नेटवर्कवर हाक देतो, सर्व्हर त्याला ओ देतो आणि प्रणाली पाठवू लागतो. भाषा कोणती, जुनी डिस्क पुसू का, असे प्रश्न वाटेत येतात. त्यांची उत्तरे, पुसण्याला 'हो' धरून, मी आधीच एका फाइलीत लिहून ठेवली. कोणी कोणाला काही विचारायला नको, ही व्यवस्था माझ्या स्वभावाला फार मानवली.

एक प्रश्न मात्र मला विचारायलाच हवा होता. आमच्या नेटवर्कच्या स्विचमधून, म्हणजे सगळ्या केबली जोडणाऱ्या डबीतून, एक निळी केबल भिंतीतल्या भोकातून पलीकडे गेली होती. ती कुठे जाते, हे नेटवर्क सांभाळणाऱ्या गृहस्थांना ठाऊक होते. पण पहिल्याच आठवड्यात मी त्यांना काही विचारले, तेव्हा ते चारचौघांत म्हणाले होते, "गुरुजी, पहले एक श्लोक सुनाइए, फिर बताऊँगा." सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर मी त्यांच्याकडे गेलो नाही. केबल बंद पडलेली असावी, असे माझे मीच ठरवून टाकले.

सोमवारी सकाळी सर्व्हर सुरू केला. अकराच्या सुमारास वीज गेली आणि आली. तीसही पडद्यांवर प्रणाली पुन्हा पहिल्यापासून चढू लागली. थोड्या वेळाने दारातून आवाज आला, "काका, माझ्या कॉम्प्युटरवर हे काय येतंय? मतलब, मी फक्त चालू केला आणि चहा आणायला गेले."

ती इतिहासाची संशोधक, भिंतीपलीकडच्या खोलीत बसणारी. नागपूरकडच्या घरातली, पण वाढलेली जयपुरात. तिच्या जुन्या संगणकात चार वर्षांचे काम होते: शहराभोवतीच्या बावड्यांची, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींची, मोजमापे, पायऱ्यांचे आराखडे, छायाचित्रे. प्रबंध दोन महिन्यांनी द्यायचा होता. निळी केबल तिच्याच संगणकाला जोडलेली होती; मी धावत जाऊन प्लग उपटला, तेव्हा पडद्यावरची पट्टी अर्ध्यापलीकडे गेली होती.

"कॉपी?" मी विचारले.

"पहिले दोन चॅप्टर मेलवर आहेत. बाकीची करणारच होते."

राजा पार्क भागातल्या दुरुस्तीवाल्याने काही छायाचित्रे परत मिळवली. कोणते चित्र कोणत्या बावडीचे, हे त्यांवरून कळत नव्हते.

प्राचार्यांनी मला बोलावले. "डिस्क पुरानी थी, ख़राब हो गई. इतना लिख दीजिए, बात ख़त्म." मला केवळ केबलबद्दल गप्प राहायचे होते, आणि ते मला आयुष्यभर उत्तम जमले आहे. परंतु चूक महाविद्यालयाची असेल तरच विद्यापीठ तिला मुदतवाढ देणार होते. डिस्क बिघडली म्हटले, तर दोष तिचाच ठरला असता. मी पत्र लिहायला घेतले. पहिल्या मसुद्यात 'केबलची तपासणी होऊ शकली नाही' असे लिहिले आणि तो फाडला. दुसऱ्यात लिहिले, की केबल मला दिसत होती आणि मी विचारले नाही.

तिने ते पत्र उभ्यानेच वाचले. "एकदा तोंड उघडायचं होतं, काका. बस, एकदा."

सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. बावड्या पुन्हा मोजायच्या होत्या; टेपचे दुसरे टोक धरायला मी येऊ का, हे मी तिला विचारले. ती म्हणाली, "या."

तिसऱ्या रविवारी आम्ही शहराबाहेरच्या एका बावडीपाशी रिक्षातून उतरलो. चोहोबाजूंनी पत्रे लावलेले होते. आत सपाट केलेली मुरमाड जमीन. चौकीदार म्हणाला, "कौन-सी बावड़ी, मैडम? यहाँ तो प्लॉट कट रहे हैं."

तिने वही उघडली आणि तशीच मिटली.

"किती पायऱ्या होत्या, आठवतं का?" मी विचारले.

"नाही," ती पत्र्याच्या फटीतून आत पाहत म्हणाली. "लिहून ठेवलं होतं ना, म्हणून लक्षात नाही ठेवलं."