पाठीवरचे हूक

आमच्या नाटक कंपनीत त्याला कुणी नावाने हाक मारलेली मला आठवत नाही. तोंडात कायम चार-पाच टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं ओठांच्या कोपऱ्यातून. म्हणून तो टाचणी. कंपनीचा कपडेपट त्याच्या ताब्यात होता. राजाचा अंगरखा, भिकाऱ्याची फाटकी बंडी, आणि राणीपासून मोलकरणीपर्यंत मी जे जे काही झाले ते सगळं त्याच्या हातून शिवून झाले. टाळ्या मात्र मी एकटीने घेतल्या. तो विंगेत सुई घेऊन उभा असायचा.

उभ्या माणसाच्या मापाचा कपडा कुणीही शिवतो, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे नवा झगा अंगावर चढला की तो हुकूम सोडायचा, “आता खाली बसा. पाणी प्या. वाकून चप्पल घाला. आता रागवा.” मी रागावून दाखवायची. दंडाला कापड ओढलं गेलं तर तो मान हलवून झगा परत घेऊन जायचा. नाटकातल्या नवऱ्यांवर मी इतक्या वेळा रागावले, पण बाही कधी उसवली नाही.

त्याची दुसरी करामत पाठीमागे असायची. दोन प्रवेशांच्या मध्ये अर्ध्या मिनिटात मला नवरीची म्हातारी व्हावं लागे. एवढ्या वेळात छातीवरची बटणं कोण काढणार आणि कोण लावणार? म्हणून पुढची बटणं नुसती टाचलेली, शोभेची. खरा कपडा पाठीवर उघडायचा आणि हुकांनी बंद व्हायचा. मी विंगेत दोन्ही हात पुढे करून उभी राही, टाचणी समोरून झगा चढवून मागे जाई, खालून वर एका दमात हूक लावी, आणि खांद्यावर थाप मारी. थाप बसली की मी निघाले. प्रेक्षकांना पाठ दाखवायची नाही हे आम्हाला पहिल्या दिवशीच शिकवलेलं. तेव्हा पाठीवर काय आहे याची काळजी आम्ही का करावी?

कंपनी बंद पडल्यावर त्याने घराच्या पुढच्या खोलीत मशीन मांडलं. खिडकीजवळ मशीन, भिंतीला लागून इस्त्रीचं टेबल, कोपऱ्यात एक हात तुटलेला लाकडी पुतळा. पँटी आखूड करा, चेन बदला, उशांचे अभ्रे शिवा. मी रोज चार वाजता चहाला जाते आणि कपड्यांच्या पेटीवर बसते. त्याची बायको, जिला मी वहिनी म्हणते, हाताने काजं करते आणि तोंडाने नवऱ्याचे वाभाडे काढते. दोन्ही कामं बारीक आणि सुबक.

एक दिवस तिथे बसचा कंडक्टर आला. अंगाने दांडगा, आवाज घोगरा. आपल्या गावच्या फुटबॉल संघाच्या मागे वेडे झालेल्या चाळीस जणांचा तो म्होरक्या. गोलच्या मागचा स्टँड त्यांचा. त्याने टेबलावर वर्तमानपत्रातला एक फोटो ठेवला. संघाचा गोलकीपर, लांबच्या कुठल्याशा मुलखातला, इथे उतरला त्या दिवशीचा फोटो. अंगात त्याच्या देशाचा पोशाख होता. घोट्यापर्यंत पांढरा अंगरखा, रुंद बाह्या, गळ्यापासून छातीपर्यंत निळ्या दोऱ्याची वेल, त्यात पाच बटणं, कमरेला निळा पट्टा.

“असे चाळीस पाहिजेत,” कंडक्टर म्हणाला. “आणि चाळीस मिशा. त्याच्यासारख्या झुबकेदार. नाटकवाले आहात, जमेल तुम्हाला.”

“कशासाठी?”

“त्याची शेवटची मॅच आहे. घरी परत चाललाय. आम्ही सगळे असे घालून उभे राहणार.”

“त्याला दिसणार?”

“म्हणजे काय, त्याच्यासाठीच तर.”

“मग मिशा नाहीत,” टाचणी म्हणाला.

“अहो गंमत म्हणून.”

“गंमत तुमची आणि मिशा त्याच्या. जमणार नाही.”

कंडक्टर खुर्ची ओढून बसला आणि खरं काय ते सांगितलं. तो गोलकीपर आला तेव्हा पहिल्याच मॅचमध्ये त्याने तीन गोल खाल्ले होते. मागून या चाळीस जणांनी त्याला तोंडाला येईल ते ऐकवलं. त्याच्या देशावरून, त्याच्या रंगावरून. भाषा त्याला कळत नव्हती, पण माणसाला सूर कळतो. पुढे याच माणसाने तीन वर्षं संघ एकट्याच्या हातांवर तोलून धरला, तरी गोलमधून त्यांच्याकडे कधी वळून पाहिलं नाही.

“माफी मागायची कशी ते आम्हाला येत नाही,” कंडक्टर म्हणाला. “चाळीस जणांनी एकदम मागायची म्हणजे तर... म्हटलं, त्याचे कपडे घालून उभं राहावं. कळलं तर कळलं.”

टाचणीने फोटो उचलला आणि खिडकीपाशी नेला. वहिनी म्हणाली, “झालं. स्वतःच्या सदऱ्याला सहा महिने बटण नाही, आणि आता चाळीस परक्यांचं बघायचंय.” म्हणजे काम घेतलं.

“गोल झाला की तुम्ही काय करता?” टाचणीने विचारलं.

“उड्या मारतो.”

“मारा.”

कंडक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. तेवढा दांडगा माणूस हात वर करून त्या खोलीत तीनदा उडाला, पुतळा डगमगला, आणि टाचणीने वहीत लिहिलं, बगलेत जादा कापडाची मोठी कळी.

शेजारच्या गल्लीत लॉन्ड्री चालवणाऱ्या ताई त्याच मुलखातल्या. लग्न होऊन आलेल्या, आता आपली भाषा आपल्याइतकीच फाडफाड बोलतात. त्यांना विचारल्याशिवाय कातर लावायची नाही असं टाचणीने ठरवलं होतं, पण ताई लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या. वाट पाहिली असती तर मॅच होऊन गेली असती. तेव्हा त्याने फोटोवरून बेतलं. वेल इतकी अचूक उतरवली की मी भिंग लावून पाहिलं, एक पान चुकलं नव्हतं. महिनाभर खोलीत पांढरं कापड आणि निळे दोरे. टाचणी शीळ वाजवायला लागला. आपण शिवलेलं पुन्हा एकदा भरल्या मैदानाने बघायचं, हे त्याला किती हवं होतं ते तो बोलला नाही. शिळेवरून कळत होतं.

मॅचला आठ दिवस राहिले असताना ताई परत आल्या, नातीचे फोटो घेऊन. टाचणीने पुतळ्यावर अंगरखा चढवून ठेवला होता. ताईंनी वेलीवर बोट फिरवलं. “ही तर आमच्याच खोऱ्यातली वेल. माझ्या वडिलांच्या अंगरख्यावर होती.” मग पुतळ्याला फेरी मारून मागे गेल्या, आणि तिथून त्यांचा आवाज आला, “मास्तर, हे हूक कशाला?”

“बंद करायला.”

“आणि पुढची बटणं?”

“शोभेची.”

ताई पुतळ्याच्या मागून बाहेर आल्या. “मागून बंद करायचा अंगरखा आमच्याकडे एकदाच घालतात,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “घालणाऱ्याला स्वतः हात हलवता येत नाहीत म्हणून. त्यानंतर त्याला खांद्यावर उचलायचं असतं.”

वहिनीच्या हातातली सुई थांबली. रांगेने टांगलेल्या चाळीस अंगरख्यांकडे आम्ही चौघांनी पाहिलं. कुणी सांगितलं म्हणून केलं नव्हतं, विचार करूनही केलं नव्हतं. चाळीस वर्षं हाताने जे केलं ते हाताने पुन्हा केलं होतं. माफी मागायला निघालेल्या चाळीस जणांना टाचणीने प्रेताचे कपडे शिवले होते.

मी नाटकवाली, मला लगेच सुचलं. “अरे, ते मैदानाकडे तोंड करून उभे राहणार. पाठ दिसणार कुणाला?”

टाचणीने तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या, चपला घातल्या, आणि तो थेट बस डेपोत गेला. मीही मागोमाग निघाले, कारण हा माणूस धड बोलणार नाही याची मला खात्री. पण धड बोलला. चूक काय, कशी झाली, कुणाची, सगळं तीन वाक्यांत.

कंडक्टर ऐकून माझ्यासारखंच म्हणाला, “मागून कोण बघतंय, मास्तर? राहू द्या.”

“त्याला दिसणार नाही,” टाचणी म्हणाला. “पण ताईंना माहीत आहे, मला माहीत आहे, आता तुम्हालाही माहीत झालं. अशाने माफी मागता येईल तुम्हाला?”

कंडक्टरने मान खाजवली. “आठ दिवसांत होईल?”

“माझ्या एकट्याने नाही.”

रविवारी सकाळी त्या घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. पुढच्या खोलीत बारा, स्वयंपाकघरात आठ, जिन्यावर एकेका पायरीला दोन. प्रत्येकाच्या मांडीवर स्वतःचा अंगरखा. हूक काढायचे, छातीवर टाचलेली बटणं काढायची, पट्टीचे टाके उसवायचे. एक दातांचे डॉक्टर होते, त्यांनी एकही धागा न दुखवता पट्टी सोडवली. एक खाटीक होता, त्याला वहिनीने कातरीला हात लावू दिला नाही. “तुम्ही दोरे वेचा,” म्हणाली. टाचणी मशीनवर पाठी शिवत होता. पुढून चिरलेल्या पट्टीला काजं करायची होती, चाळीस गुणिले पाच.

“दोनशे,” वहिनी म्हणाली. “लग्नात सात वचनं दिली म्हणतात, त्यात हे नव्हतं.”

“मी येऊ मदतीला?” कंडक्टरने विचारलं.

“तिकिटं फाडणारा हात काजाला नको.”

पण संध्याकाळपर्यंत तिने सहा जणांना काज शिकवलं, त्यात कंडक्टर होता. मी बटणं लावली आणि जुन्या फजित्या सांगितल्या. राजाच्या मुकुटात माशी अडकली तो प्रसंग मला दोनदा सांगावा लागला, कारण जिन्यावर ऐकू गेला नव्हता. ताईंनी चाळीसही अंगरखे लॉन्ड्रीत नेऊन इस्त्री केले आणि पट्टा कसा बांधायचा ते सगळ्यांना ओळीत उभं करून शिकवलं.

एकच गोष्ट लपली नाही. पाठीच्या मधोमध एक उभी शिवण राहिली, जी खऱ्या अंगरख्याला नसते. टाचणीने ती सात वेळा दाबली. ताई म्हणाल्या, “राहू द्या. जिवंत माणसाची आहे एवढं पुरे.”

मॅचला आम्ही चौघं बाजूच्या स्टँडमध्ये बसलो. गोलकीपर मैदानात आला, गोलपाशी गेला, हातमोजे ओढले, आणि सवयीने पाठ करायच्या आधी मागे जे पांढरंनिळं दिसलं तिकडे पाहत राहिला. मग चेंडू आला आणि तो वळला.

“बघितलं त्याने?” टाचणीने विचारलं.

“बघितलं,” मी म्हणाले.

“मग?”

“अहो, तो कामावर आहे,” वहिनी म्हणाली.

विसाव्या मिनिटाला त्याने एक अगदी सोपा गोल खाल्ला. चेंडू हातातून निसटला. टाचणीचा चेहरा असा पडला की जणू चेंडू त्याच्याच हातातून निसटला होता. मी चाळीस जणांकडे पाहिलं. पहिल्या मॅचला ज्यांनी शिव्या घातल्या ते आता गप्प उभे होते, आणि मग कंडक्टरने तो घोगरा आवाज लावला आणि ते त्याच्या नावाने गायला लागले, बेसूर, पण मनापासून. उत्तरार्धात आपल्या संघाने गोल फेडला. चाळीस अंगरखे उडाले. एकही बगल उसवली नाही हे टाचणीने दुर्बिणीतून मोजून पाहिलं.

बरोबरीत मॅच सुटली. सगळे खेळाडू आत गेले. गोलकीपर मात्र मैदान ओलांडून त्या स्टँडच्या कठड्यापाशी चालत आला. आम्हीही जिन्याने धावत, म्हणजे आमच्या वयात जेवढं धावता येतं तेवढं, तिकडे गेलो.

तो कंडक्टरसमोर उभा होता. हसत नव्हता. वेलीकडे पाहिलं, बटणांकडे पाहिलं. मग कठड्यावरून दोन्ही हात पुढे करून त्याने कंडक्टरचा पट्टा सोडला. कंडक्टरने लहान मुलासारखे हात वर धरले. गोलकीपरने पट्टा दोन बोटं खाली ओढला, गाठ डाव्या कुशीवर घेतली, घट्ट केली, आणि आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला. शेजारच्या दातांच्या डॉक्टरांनी आपणहून हात वर केले. मग त्यांच्या पलीकडच्याने. पाहता पाहता अख्खी पुढची रांग हात वर करून उभी राहिली आणि तो एकेकाचा पट्टा नीट करत सरकू लागला.

ताईंनी कपाळावर हात मारून घेतला. “मी बायकांसारखा बांधायला शिकवला. दुसरा कुठला येतोय मला?”

“तो काय म्हणाला हो?” कंडक्टरने कठड्यावरून ओरडून विचारलं. त्याचे हात अजून वरच होते.

ताई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. “म्हणाला, असा बाहेर पडलास तर आई दारातून परत बोलावेल.”

कंडक्टर ते ऐकून खाली बसला, पायरीवर, इस्त्री मोडेल याचा विचार न करता. टाचणी माझ्या शेजारी उभा होता. त्याने खिशातून वही काढली, पेन्सिलीला जीभ लावली, आणि फोटो पुन्हा पाहावा तसं त्या माणसाच्या हातांकडे पाहत लिहिलं, पट्टा दोन बोटं खाली.

“आता चाळीस परत उसवायला काढू नका,” वहिनी म्हणाली.

“पट्टाच आहे,” तो म्हणाला. “नुसता बांधायचा.”